पेरेसच्या नावाने उघडलेली फाईल

न्यालुंबेच्या आरोग्य केंद्रात सकाळी सगळ्यांत आधी येणार ती पेरेस. झाडूवालीच्याही आधी. खिडकी उघडायची, कॉम्प्युटरवरचं स्वतः विणलेलं क्रोशाचं झाकण काढून त्याची घडी घालायची, मशीन सुरू करायचं आणि आपलं नाव नि पासवर्ड घालून ते उघडून ठेवायचं. मग संध्याकाळपर्यंत ते तसंच उघडं. सिस्टर विल्फ्रिडा रोग्यांची वजनं त्यातच टाकणार, औषधवाला गोळ्या त्यातच वजा करणार, प्रयोगशाळेतला माणूस रक्ताचे आकडे त्यातच भरणार. केंद्रात सातजण काम करायचे आणि मशीनच्या लेखी ते सातही जण पेरेस होते.

याचा तिला अभिमान होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. सुरुवातीला प्रत्येकाला आपापलं नाव आणि आपापला पासवर्ड मिळाला होता. पण तीनदा चुकीचा घातला की मशीनला कुलूप लागायचं. ते काढायला जिल्ह्याला फोन करायचा आणि तिकडचा माणूस दोन दिवसांनी उगवायचा. बाहेर बाकांवर ऐंशी माणसं तिष्ठत. एकदा विल्फ्रिडा अशीच अडकून रडकुंडीला आली, तेव्हा पेरेस म्हणाली, "सिस्टर, माझ्या नावातून करा की. घर एकच आहे." त्या दिवसापासून चाल पडली. शेजारीण विस्तव मागायला आली तर सरोवराच्या या काठावर आजवर कोणी नाही म्हटलेलं नाही, आणि पासवर्ड म्हणजे तरी वेगळं काय, असं सगळ्यांना वाटायचं. जिल्ह्याच्या प्रशिक्षणात सांगितलं होतं की पासवर्ड हा दात घासायच्या ब्रशसारखा असतो, दुसऱ्याला द्यायचा नसतो. परतीच्या गाडीत विल्फ्रिडा म्हणाली, "आमच्याकडे नऊ माणसांत दोन ब्रश आहेत. मग आमचं कसं व्हायचं?" अख्खी गाडी खो-खो हसली. पेरेस सगळ्यांत जास्त हसली.

खरं तर तिने हसायला नको होतं. तिचा नवरा ओगालो गेला तो त्या वाईट वर्षांत, जेव्हा गावात एकही शनिवार दफनाशिवाय जात नव्हता. तेव्हा सगळं कागदावर असायचं. केंद्राचं छप्पर गळायला लागलं की भिजलेल्या फाइलींचे गठ्ठे मागच्या दारी फेकले जायचे आणि तिथून ते बाजारात पोचायचे. ओगालोच्या तपासणीचा कागद तळलेल्या गरम मंदाझी पावाभोवती गुंडाळलेला पेरेसच्या मोठ्या नणंदेच्या हातात पडला. मंदाझी खाता खाता तिने तो वाचला. तेलाच्या डागांतूनही रोगाचं नाव स्वच्छ दिसत होतं. पुढच्या रविवारी पेरेसने काय केलं, तर प्रार्थना संपल्यावर ती चर्चमध्ये उभी राहिली आणि म्हणाली, "तुम्ही जे कुजबुजताय ते खरं आहे. मलाही तोच आजार आहे. मी गोळ्या घेते. आता मोठ्याने बोला." लोकांनी तोंडात बोटं घातली. गाव तिला 'अलेगोची लेक' म्हणायचं, कारण ती अलेगो भागातून सून होऊन आली होती. त्या दिवसापासून ते नाव लोक जरा जपून घ्यायला लागले.

त्या धाडसावरच तिला केंद्रात नोकरी लागली. आधी रोग्यांना धीर द्यायची, मग नोंदणीची. कॉम्प्युटर आला तेव्हा तिला वाटलं, सुटलो एकदाचे सगळे. याच्यात कोणी मंदाझी गुंडाळू शकत नाही. पण तिच्या बाबतीत एक गोष्ट झाली होती आणि ती तिला स्वतःलाही उमगली नव्हती. तिच्याकडे झाकण्यासारखं काही उरलंच नव्हतं. त्यामुळे दुसऱ्याच्या झाकलेल्या गोष्टीचं वजन तिच्या हाताला जाणवत नव्हतं.

लेओकादिया तिची लांबची जाऊ. वय तेवीस, हाताला शिलाईची सफाई, बाजारात टपरी. नवरा ओबिएरो मासेमारीच्या होडीवर, आठवडा आठवडा बेटांकडे. पोटुशी राहिल्यावर ती केंद्रात आली आणि नेहमीच्या तपासणीत तो आजार निघाला. ती बाकावरून उठून सरळ फाटकाकडे चालायला लागली. पेरेस तिच्यामागे धावली.

"जाऊबाई, मला सोडा. ही गोष्ट सासूच्या कानावर गेली तर मला घराबाहेर काढतील."

"कशी जाईल? इथे कागद नाही उडायला. मशीन आहे. तुझं नाव माझ्या बोटांपलीकडे जाणार नाही. गोळ्या घेतल्यास तर बाळ अगदी धडधाकट होईल. माझा धाकटा ओडेरा बघ, आजार माझ्या अंगात असताना झाला. बैलासारखा आहे की नाही?"

"शपथ घ्या."

पेरेसने शपथ घेतली. आणि लेओकाने गोळ्या सुरू केल्या. सगळ्याच बायका करतात तसं ती फाटकाच्या आतच गोळ्या बाटलीतून फडक्यात ओतायची, म्हणजे वाटेत खुळखुळायला नकोत, आणि बाटली तिथेच टाकून जायची. फडकं शिलाई मशीनच्या खणात, दोऱ्यांच्या रिळांखाली. पाच महिने तिने एकही दिवस चुकवला नाही. बाळ झालं की ओबिएरोला केंद्रात आणायचं आणि त्याला समजावून सांगायचं, असं दोघींनी ठरवलं होतं.

मग तो शुक्रवार आला. चुलतसासरे वारले होते आणि त्यांचं शव शवागारातून दुपारी घरी यायचं होतं. अशा वेळी घराण्याच्या सुनांनी वाटेवर उभं राहून, आक्रोश करत गाडीला सामोरं जायचं असतं. जी जात नाही तिचं नाव तिच्या स्वतःच्या दफनापर्यंत निघत राहतं. बारा वाजता पेरेसने डोक्याला फडकं बांधलं आणि मशीन बंद करायला हात पुढे केला.

"अगं राहू दे ना उघडं," विल्फ्रिडा म्हणाली, "चाळीस जण बसलेत बाहेर. तू गेल्यावर आम्ही काय पाटीवर लिहायचं?"

पेरेसने हात मागे घेतला. तेवढंच घडलं. त्या दिवशी त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही.

गाडी आली, रडणं झालं. मग सुना पाहुण्यांच्या स्वयंपाकाला लागल्या. पेरेस आणि लेओका ताडपत्रीच्या सावलीत शेजारी शेजारी बसून एकाच परातीत सुकुमाची पालेभाजी चिरत होत्या. लेओकाचे पाय सुजले होते, म्हणून पेरेसने तिला पाय आपल्या मांडीवर ठेवायला लावले. संध्याकाळ होईपर्यंत दोघी तिथून हलल्या नाहीत.

शनिवारी दफन झालं. रविवारी होड्यांच्या धक्क्यावर ओमेनाची बारकी मासळी वाळत घालणाऱ्या बायका एकमेकींना सांगत होत्या की ओबिएरोच्या बायकोचं नाव केंद्राच्या त्या यादीत आहे, आणि तारखेसकट आहे. कोणाकडून कळलं, तर हिने तिचं नाव घ्यायचं आणि तिने हिचं. सोमवारी ओबिएरो बेटावरून परतला. त्याने लेओकाचं शिलाई मशीन उचललं आणि अंगणात आणून आपटलं. खण निसटला, रिळं घरंगळली आणि गोळ्यांचं फडकं त्याच्या आईच्या पायांशी सुटलं. त्याने त्या गोळ्या वेचल्या आणि सरोवरात नेऊन फेकल्या. तपासून घ्यायला तो स्वतः कधी केंद्राची पायरी चढला नव्हता आणि नंतरही चढला नाही, पण ते त्याला कोण विचारणार?

मंगळवारी लेओका केंद्रात आली. बाकावर नाही बसली. उभीच राहिली.

"जाऊबाई, माझं नाव तुमच्या बोटांपलीकडे जाणार नव्हतं."

"नाही गेलं, लेओका. माझ्या लेकरांची शपथ."

"मग वाऱ्याने नेलं? तारखेसकट?" तिचे ओठ सुकले होते. "मला एक नाव आणून द्या. मला भांडायचं नाही, शिव्याही द्यायच्या नाहीत. इथे सातजण आहात. त्यातला कोण, एवढं कळू दे. म्हणजे त्याच्यापासून तोंड लपवीन आणि बाकीच्यांपुढे हात पसरीन. तोवर मी इथली गोळी घेणार नाही. एक हात गोळी देतो आणि दुसरा जाऊन धक्क्यावर सांगतो. मला काय ठाऊक कुठला कुणाचा?"

"आणि पोटातल्याचं काय?"

"त्याच्यासाठीच विचारतेय. लवकर आणा."

पेरेसला वाटलं, हे तर सोपं आहे. कोणी, कुठल्या दिवशी, किती वाजता कुणाची फाईल उघडली, हे मशीन आपण होऊन टिपून ठेवतं. प्रशिक्षणात दाखवलं होतं. ती नोंद फक्त जिल्ह्याच्या माणसाला बघता येते. तिने स्वतःच जिल्ह्याला फोन लावला आणि लेओकाच्या नावाने तक्रार नोंदवली. गुरुवारी मुतुंगा नावाचा तरुण अधिकारी मोटारसायकलच्या मागे बसून, डोक्यापासून पायापर्यंत लाल धूळ घेऊन आला. दूरच्या कंबा मुलखातला पोरगा, वागायला नम्र, पण इथल्या बोलीचा त्याला गंध नव्हता. त्याने पडद्यावर ती नोंद काढली आणि तो स्वाहिलीत म्हणाला, "आई, शुक्रवारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी ही फाईल सहा मिनिटं उघडी होती. त्या आठवड्यात दुसऱ्या कोणीच उघडलेली नाही. नाव तुमचं आहे. तुम्ही काय बघत होता?"

इतकी वर्षं तिला माहीत होतं की सगळे तिच्या नावाने आत जातात. तिनेच तर बोलावलं होतं. तरीही बाहेर येताना प्रत्येकाच्या कपाळावर तिचंच नाव असणार, ही साधी गोष्ट त्या क्षणापर्यंत तिच्या डोक्यात शिरली नव्हती.

सगळे जमलेलेच होते. ती त्यांच्याकडे वळली आणि आपल्या बोलीत म्हणाली, "मी दफनाच्या घरी होते. दोनशे माणसांनी बघितलंय. इथे कोण बसलं होतं? आत्ता बोला."

विल्फ्रिडा नखं बघायला लागली. औषधवाल्याने चष्मा पुसला. प्रयोगशाळेतल्याला खिडकीबाहेर काहीतरी दिसलं. केंद्रप्रमुख ओरिवो डॉक्टर मात्र हसतमुखाने बोलायला लागले, म्हणजे पाहुण्याला वाटावं की चहाचं चाललंय.

"ओडेराची आई, आवाज खाली. हसा जरा. हा पोरगा जर लिहून गेला की इथे सगळे एकाच नावाने काम करतात, तर काय होईल माहीत आहे? मशीन उचलून नेतील. गोळ्या जिल्ह्याच्या इस्पितळात जातील. आपले चारशे लोक महिन्याला चाळीस मैल जाणार आहेत? निम्मे मरतील. त्यात तुम्हीही आलात."

"मग मी काय म्हणू?"

"म्हणा, नोंदी तपासत होते. तुमचं कामच आहे ते. तुमच्यावर कोण बोट ठेवणार?"

"पण लेओका?"

"तिला मी समजावतो. माझ्यावर सोडा."

"डॉक्टर, तिला नाव हवंय."

"नाव कोणाकडे आहे?" ओरिवो हसत हसत म्हणाले. "तुमच्याकडे आहे? मशीनकडे आहे? मग?"

मुतुंगा वाट बघत होता. पेरेसने चारशे चेहरे डोळ्यांपुढे आणले, आणि त्यातले बरेचसे तिनेच फाटकातून परत वळवून आणलेले होते. तिला ओरिवोंचा संताप आला, स्वतःचा त्याहून जास्त आला, आणि भीती त्याहूनही जास्त वाटली. ती म्हणाली, "नोंदी तपासत होते, बाळा." त्याने लिहून घेतलं आणि तिने सही केली. मग खरंच चहा आला.

तक्रार आली की तक्रारदाराला लेखी उत्तर जायचं, असा जिल्ह्याचा नियम. दहा दिवसांनी लेओकाच्या हातात कागद पडला. फाईल नोंदणी कर्मचारी पेरेस यांनी शुक्रवारी दोन चाळीसला नियमित कामासाठी उघडली, त्यात काही गैर आढळलं नाही. ओरिवो डॉक्टरांनी तिला समजावलं का? ते त्या आठवड्यात बैठकीला गेले होते.

लेओका कागद घेऊन पेरेसच्या घरी आली. सासरी तिला आता स्वयंपाकाच्या भांड्यांना हात लावू देत नव्हते. ती उंबऱ्याच्या आत आली नाही.

"वाचा," ती म्हणाली.

"मला माहीत आहे काय लिहिलंय."

"दोन चाळीसला माझे पाय तुमच्या मांडीवर होते."

पेरेसने तिच्यासाठी स्टूल उंबऱ्याबाहेर आणून ठेवलं.

"तुम्ही नाही सांगितलंत, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मी तुमच्यावर कधी संशय घेतला? तुम्ही फक्त म्हणायचं होतं, नाव सापडत नाही, मशीनने आमचं सगळ्यांचं गाठोडं एकात बांधलंय. मी तेही ऐकलं असतं. रडले असते आणि गोळी घेतली असती." तिने कागदाची घडी घातली. "पण माझ्या शेजारी बसलेल्या बाईला जे लोक कागदावर दुसरीकडे बसवू शकतात, त्यांनी दिलेल्या बाटलीत काय आहे हे मी कसं ओळखायचं? सांगा ना. तुमची तर चर्चमध्ये उभं राहायची छाती होती."

"चारशे माणसांचा प्रश्न होता, लेओका."

"असेल. मी त्या चारशेत होते की नव्हते?"

दुसऱ्या दिवशी ती माहेरी निघून गेली.

पेरेस दोनदा तिच्या माहेरी जाऊन आली. पहिल्यांदा लेओकाच्या आईने दारातून पाणी दिलं आणि सांगितलं की मुलगी शेतावर गेलीय. दुसऱ्यांदा पेरेसने दोन महिन्यांच्या गोळ्या फडक्यात बांधून, पिठाच्या पिशवीत लपवून नेल्या आणि आईच्या हातात दिल्या. आईला मुलीचा आजार कोणी सांगितलाच नव्हता. ती म्हणाली, "पीठ आमच्याकडे आहे," आणि पिशवी परत केली. पेरेसच्या जिभेवर सगळं आलं होतं. पण ती बोलली असती तर जे धक्क्यावर झालं तेच तिनेही केलं असतं. ती पिशवी घेऊन परत आली. वाटेत गाडीत ती रडली, आणि शेजारच्या बाईने विचारलं, कोण गेलं? तिने पिठाची पिशवी मांडीवर ओढून घेतली.

मुतुंगाचा एकदा दुसऱ्याच कामासाठी फोन आला. पेरेसने सहज विचारावं तसं विचारलं, "साहेब, एखाद्या केंद्रात सगळे एकाच नावाने काम करत असतील तर काय शिक्षा होते?"

"शिक्षा कसली, आई? सगळ्यांना नवे पासवर्ड देतो आणि तीन दिवस शिकवतो. निम्म्या केंद्रांत तेच चालतं. का, तुमच्याकडे आहे का असं?"

"नाही," पेरेस म्हणाली.

त्या संध्याकाळी तिने पासवर्ड बदलला. सकाळी विल्फ्रिडा खुर्ची ओढून बसली आणि पडदा बंद बघून म्हणाली, "हे काय? आता आम्ही चोर झालो का?"

"माहीत नाही, सिस्टर. तेच तर मला कधी कळणार नाही."

सहकाऱ्यांनी तिच्याशी बोलणं कमी केलं. जेवताना मक्याच्या उगालीचा गोळा मोडताना ती एकेकाच्या हाताकडे बघायची. यातला कुठला? त्या सहापैकी पाच हात निर्दोष होते आणि तिला सहाही सारखेच दिसायचे. ती फाईल कोणी उघडली, हे आजतागायत कळलेलं नाही.

बाळ घरीच झालं, आजीच्या हातांवर. मुलगी. जन्मल्याबरोबर जे औषध तोंडात घालायला हवं होतं ते अर्थातच घातलं गेलं नाही, आणि स्वतः गोळ्या न घेताच लेओकाने तिला अंगावर पाजलं. तीन महिन्यांची असताना मुलीला ताप आला तो उतरेना, दूध पोटात ठरेना. तेव्हा लेओका स्वतःहून न्यालुंबेला आली. मान ताठ, डोळे खोल गेलेले. तिने कोणाकडे बघितलं नाही. पेरेससमोर बसली आणि म्हणाली, "हिचं रक्त घ्या. पण त्या मशीनला तुमच्याशिवाय कोणी हात लावायचा नाही."

"कोणी लावणार नाही."

"शपथ नको," लेओका म्हणाली.

टाचेतून रक्ताचे पाच थेंब कागदावर घेतले आणि कागद शहरातल्या प्रयोगशाळेला गेला. लेओकाने पुन्हा गोळ्या सुरू केल्या. तीन आठवड्यांनी, एका बुधवारी सकाळी, निकाल पडद्यावर आला. पेरेसने दार लावून घेतलं. मुलीला अजून नाव नव्हतं, फाईलवर फक्त 'लेओकादियाची मुलगी' असं होतं, आणि त्याखाली एक ओळ. ती ओळ तिने वाचली. मग बोटाने पडद्यावर धरून पुन्हा वाचली. आपण सही केली नसती तर ही ओळ वेगळी असती, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. तिने निकाल नोंदवला, मशीन बंद केलं आणि ती बाहेर आली.

लेओका बाकाच्या टोकाला बसली होती. शेजारी ओळीने बायका होत्या, आणि पेरेसला बघताच त्यांच्या गप्पा थांबल्या. पेरेसने लेओकाला हाताला धरून केंद्रामागे पाण्याच्या टाकीपाशी नेलं. आजूबाजूला कोणी नाही ना, ते तिने बघून घेतलं. लेओकाने तिचा चेहरा बघितला आणि मुलीला घट्ट धरलं.

"बोला, जाऊबाई. माझं सगळं गावाने आधी ऐकलं. हे तरी मला पहिल्यांदा ऐकू दे."

पेरेसने सांगितलं.

लेओका रडली नाही. तिने मुलीला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं, तिच्या पाठीवरचं फडकं नीट केलं आणि विचारलं, "औषध दिवसातून किती वेळा द्यायचं?"

"दोनदा."

"किती वर्षं?"

पेरेस स्वतः अठरा वर्षं गोळ्या घेत होती. ती टाकीचा नळ धरून खाली बसली.